कातडीखालची जुनी ओळख

टीबीचा जंतू अंगात शिरलाय का हे बघणारी मॅन्टू टेस्ट केलेला माणूस दोन दिवस हात जरा जपूनच वावरतो. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, ०.१ मिलीलिटर द्रव कातडीतच टोचतात. इवलासा फुगा येतो. नर्स बॉलपेनने त्याच्याभोवती गोल काढते आणि बजावते, ‘खाजवायचं नाही हं.’ तो गोल पुसू नये म्हणून माझ्या भाचीने हाताला पिशवी बांधून अंघोळ उरकली.

मला मौज वाटते ती या ४८ ते ७२ तासांची. त्या द्रवात टीबीच्या जंतूंची नुसती प्रथिनं असतात, जिवंत जंतू एकही नाही. ती ओळखणाऱ्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पहारेकरी, अंगभर विखुरलेल्या. निरोप पोचून त्या तिथे गोळा होईपर्यंत वेळ जातोच. सोसायटीच्या मीटिंगला तरी कोण वेळेवर येतं? पेशी जमल्या की तिथली कातडी घट्ट होते. डॉक्टर लाली मोजत नाहीत, बोटाने चाचपून तो घट्टपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. जंतूशी जुनी ओळख नसेल तर गोलात सहसा काहीच उठत नाही.

ही ओळखही अर्धवटच. टी पेशीला अख्खा जंतू कधी दिसतच नाही. दुसरी एखादी पेशी जंतूच्या प्रथिनाचे तुकडे करते आणि त्यातला एक स्वतःच्या रेणूत धरून पृष्ठभागावर मांडते. टी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचा ओळख पटवणारा रेणू, तो तुकडा आणि तो धरणारा घरचा रेणू, दोन्ही मिळूनच ओळखतो. झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात उंदरांवर प्रयोग करून हे १९७४ साली मांडलं. नोबेल मिळालं १९९६ मध्ये.

आणि हे रिसेप्टर जंतू बघून बेतलेले नसतातच. जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून शरीर ते आधीच ढिगाने करून ठेवतं. आपल्याच अंगावर उठू शकतील असे बरेचसे थायमस ग्रंथीत बाद होतात. पुढे जंतू आला की ज्याचा रिसेप्टर जुळला ती पेशी वाढते; बाकीच्या बहुतेक वाट बघतच संपतात. यादी करून बाजारात जाणाऱ्या माझ्यासारख्याला ही शुद्ध उधळपट्टी वाटते. पण उद्या कोण येणार हेच माहीत नसताना यादी करायची कशाची?

तुकडा कुणाचा, याच्याशी रिसेप्टरला देणंघेणं नाही. त्यामुळे लहानपणी टोचलेल्या बीसीजी या टीबीवरच्या लसीमुळेही कधी कधी हात फुगतो आणि घरचे उगाच धास्तावतात. रक्तावरच्या नव्या चाचणीत म्हणून बीसीजीत नसलेली प्रथिनं वापरतात. तिला पैसे मात्र बरेच पडतात.