तुम्ही विचारलंत म्हणून: बंदुकीच्या गोळ्या घरी भरतोस, मग कमरेला विकतच्या का?

इथे डॅलसमध्ये गणपतीच्या जेवणाला हमखास कोणीतरी हे विचारतंच, की अरे तू गॅरेजमध्ये प्रेस (पितळी खोळीत पावडर आणि गोळी बसवायचं यंत्र) लावून स्वतः गोळ्या भरतोस ना, मग रोज कमरेला पिस्तूल असतं त्यात दुकानातल्या का? आणि शेजारचा लगेच, घरच्या वापरल्या तर जेल होते म्हणे.

तसं काही नाही हो. स्वतःपुरत्या गोळ्या भरायला इथे लायसन लागत नाही, विकायला बनवल्या तर फेडरल लायसन लागतं. (भारतात हे उद्योग करू नका, 1959 चा आर्म्स ॲक्ट आहे तिकडे. आणि एचवनबीवाल्यांनो, तुम्हाला तर शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद सोडले तर इथे बंदूक बाळगायलाच बंदी आहे, उगाच हौस नको.) टेक्सासचा स्वसंरक्षणाचा कायदा गोळी कोणी भरली ते विचारत नाही, जिवावर बेतलंय आणि आत्ताच गोळी झाडणं भाग आहे असं तुम्हाला वाटणं रास्त होतं का, एवढंच विचारतो.

लोकांना भीती असते ती ज्युरीची. सरकारी वकील म्हणणार, बघा, याला दुकानातली गोळी पुरेशी जहाल वाटली नाही म्हणून घरी खास बनवली. म्हणेलही, पण माझ्या मते या भीतीचा जरा बाऊच केलाय, कारण बोलणारा कशावरही बोलतो. ॲरिझोनात 2004 साली एका रिटायर्ड शिक्षकाने डोंगरवाटेवर एकाला गोळी घातली, त्याच्या होलो पॉइंट (टोकाला पोकळ, अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या) गोळ्या विकतच्याच होत्या तरी कोर्टात त्यांच्यावर चर्चा झालीच. 2006 मध्ये दोषी ठरला, 2009 मध्ये अपिलात तो निकाल फिरला.

माझी खरी अडचण वेगळीच आहे, अंतराची. समजा कोणी अंगावर आला, मी गोळी झाडली आणि म्हटलं की तो माझ्यापासून हातभर लांब होता आणि त्याचे लोक म्हणाले, छे, पंधरा फुटांवर होता. मग लॅबवाले कपड्यावरची काजळी आणि जखमेभोवती टोचलेले पावडरचे बारीक कण बघतात, नंतर तीच बंदूक आणि तशाच गोळ्या घेऊन पांढऱ्या कापडावर वेगवेगळ्या अंतरावरून झाडतात आणि कुठला ठसा जुळतो ते पाहतात. आता "तशाच" गोळ्या आणायच्या कुठून? फॅक्टरीची असेल तर डब्यावरचा लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनली तो आकडा) बघून मिळवता येतात. माझ्या असतील तर पुरावा काय, माझी वही! आणि आरोपीनेच लिहिलेल्या वहीवर कोर्ट का विश्वास ठेवेल? त्यात माझी वही मराठीत, "काल पावडर जरा जास्त पडली, 0.1 कमी केली" असल्या शेऱ्यांसकट, तीही डॉक्टरी अक्षरात. घ्या, करा ज्युरीसाठी भाषांतर.

गंमत नाही ही, न्यू जर्सीत 1989 साली झालंय असं. स्वसंरक्षणाची केस नव्हती ती, नवऱ्याचं म्हणणं की बायकोने स्वतःवर बंदूक धरली होती आणि मी हात पकडायला गेलो तेवढ्यात उडाली. गोळ्या त्याने घरी भरलेल्या, मुद्दाम हलक्या, म्हणजे पावडर कमी, त्यामुळे ठसाही कमी. लॅबने टेस्ट केली फॅक्टरीच्या दमदार गोळ्यांनी, त्यांचा ठसा जुळेना, म्हणून निष्कर्ष निघाला की गोळी बरीच लांबून झाडली. त्याच्या स्वतःच्या नोंदी चालल्या नाहीत, खटला पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि शेवटी बेदरकारपणे मृत्यू घडवल्याबद्दल तो दोषी ठरला. खरं काय घडलं देव जाणे, पण मला त्यातलं एवढंच खुपतं की खरं बोलत असता तरी त्याला ते दाखवून देता आलं नसतं.

बाकी हे शंभरात एखाद्यालाही नडणार नाही, कॅमेरे आणि साक्षीदार असले की अंतराचा वादच येत नाही. पण वीस गोळ्यांच्या एका डब्याचे ते किती पैसे, वर्षभर पुरतो. रेंजवर मात्र सगळ्या घरच्याच, तिथे कोण विचारतंय.

डब्यात उरलेल्या गोळ्या लॉट नंबरच्या पट्टीसकट कपाटात ठेवतो. हिने मागे तो "रिकामा खोका" समजून रद्दीत टाकला होता, मी कचऱ्याची गाडी यायच्या आत चपला न घालता पळत जाऊन आणला.