हरिहरेश्वरचे जाळीदार खडक: आधी तिथी बघा, मग बॅग भरा

"सूर्यास्ताला जा, फोटो झकास येतात," असं मुक्कामाच्या ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं गेलं आणि मी विश्वास ठेवला. चार वाजता निघालो, काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेच्या वाटेने वर चढलो, घळीतल्या पायऱ्या उतरायला लागलो, तर खाली खडकाचा ओटाच दिसेना. लाट थेट घळीच्या तोंडावर आपटत होती. त्या दिवशी शुद्ध सप्तमी होती, म्हणजे भरती सव्वापाचच्या सुमारास. मला नेमकी सगळ्यात वाईट वेळ सांगितली होती. या प्रदक्षिणेच्या वाटेवरून माणसं वाहून गेलेली आहेत. पाहुण्याला तिकडे पाठवताना भरती न सांगणं हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

परतताना किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका काकांनी हिशोब सांगितला: "तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वेळ थोडी पुढेमागे होते, म्हणून भरतीचा तक्ताही बघाच. पण यावरून फोटोवाल्यांसाठी सरळ निष्कर्ष निघतो: संध्याकाळचा उजेड हवा असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा. तिथी पंधरावी, म्हणजे भरती सव्वाअकराला; तेव्हा ओहोटी सूर्यास्ताच्या आसपास येते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी मागेही खूप हटतं. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी जाऊच नका.

आठ दिवसांनी, पौर्णिमेला, पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-म्हसळामार्गे पुन्हा गेलो. साडेचारला ओटा कोरडा होता. उन्हाची तिरीप कड्यावर आडवी पडली आणि खडकातलं एकेक भोक उठून दिसायला लागलं. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात, दगडाचे कण सुटतात आणि अशी मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. दुपारी बारा वाजता हीच भिंत सपाट, मेलेली दिसते. मी अडीचशे फोटो काढले आणि हात थरथरत होते, एवढा आनंद झाला होता.

आता वाटेतला वाईट टप्पा. पायऱ्या संपल्यावर लगेच समुद्राकडे उतरता ओटा लागतो. हिरवं दिसेल तिथे पाय ठेवू नका, ते शेवाळ आहे. चांगल्या ट्रेकिंगच्या बुटांनीही मी दोनदा घसरलो. आधाराला हात टेकला तो कालवांवर (खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांवर), तळवा फाटला. ट्रायपॉड बंद करून पाठीला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत. समुद्राकडे पाठ करून फ्रेम लावू नका. लेन्स तिथे बदलू नका, तुषार आत जातात. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

वाटाड्या म्हणून एकाने पाचशे रुपये मागितले. देऊ नका, वाट स्पष्ट आहे.

पाणी आधी हळू चढतं आणि मग एकदम वेग घेतं. ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात मागे फिरायचंच. पौर्णिमेला तोवर अंधार पडतो, हेडलॅम्प डोक्यावरच ठेवा.