लांबून टीम चालवताना माणसं कशी टिकतात: माझा अनुभव

मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या आयटी टीम घरी गेल्या. तेव्हापासून मी टीम लांबूनच चालवतो. माणसं मनापासून जोडलेली राहतात की नुसती पगारापुरती थांबतात, हे बरंचसं लीडच्या हातात असतं. चॅटमध्ये माणूस ऑनलाइन असल्याचं दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर लक्ष ठेवून ते साधत नाही. ठिपका बघायला लागलात की लोक माउस हलवत बसतात आणि काम जिथल्या तिथे राहतं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो वन-ऑन-वनचा, म्हणजे लीड आणि एकच माणूस अशा मीटिंगचा. प्रत्येकाशी आठवड्याला अर्धा तास. दोघांना दिसेल असं एक डॉक्युमेंट ठेवायचं आणि विषय समोरच्याने आदल्या दिवशी लिहायचे. पहिली पंधरा मिनिटं त्याची. टास्कचं स्टेटस इथे विचारायचं नाही, ते टीमच्या टास्क बोर्डवर असतंच. मीटिंग रद्द करावी लागली तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्यायची. सारखी पुढे ढकलत गेलात की "सगळं ठीक आहे" एवढंच ऐकू येतं, आणि बरेच राजीनामे याच "ठीक"च्या मागून येतात.

कॉलवर ठरलेलं त्याच दिवशी चार ओळींत लिहायचं: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. "का" गाळलात तर कॉलला नसलेल्याला तो नुसता हुकूम वाटतो.

अमेरिकन क्लायंट असेल तर कॅलेंडर नीट बघा. न्यूयॉर्कचे सकाळचे 11 म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल साडेनऊला येतो, थेट मार्चपर्यंत. घरी लहान मूल असलेल्याला हा एक तास फार महाग पडतो. म्हणून ऑक्टोबरमध्येच क्लायंटशी बोलून वेळ अलीकडे घ्यायची. जमलं नाही तर उशिराच्या कॉलची पाळी लावायची आणि त्या पाळीत लीडनेही बसायचं.

अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाला, सगळ्यात जास्त जपावं लागतं. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरवर केलेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण तेवढ्याच कामावर बढती मिळण्याची शक्यता घटली. समोर न दिसणारा माणूस बढतीच्या वेळी आठवत नाही. त्यामुळे दर शुक्रवारी मी प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी लिहितो: या आठवड्यात काय केलं, कुणाला मदत केली. प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू सिस्टीमचा, बिघाड रात्री शांतपणे सोडवणाऱ्याचं काम अशा नोंदीशिवाय वर्षाअखेरीस कुणाच्याच लक्षात राहत नाही. ऑफिसात बसणाऱ्यांच्या नोंदीही त्याच फाइलमध्ये ठेवतो, आणि रेटिंगच्या बैठकीला जाताना ती उघडी असते.