१३२ हंडे

जागा घेण्याआधी पाण्याचं तेवढं बघून द्या, असे फोन मला लॉकडाउननंतर फार यायला लागले. बहुतेक नोकरदार जोडपी. उद्या काहीही झालं, दुकानं बंद पडली, वीज गेली, तरी आपलं आपण भागवू, अशी जागा सगळ्यांना हवी असते. निम्मी तर शेतकरी दाखल्यापाशीच अडतात. हे जोडपं अडणारं नव्हतं; साताऱ्याकडे नवऱ्याच्या नावावर वडिलोपार्जित जमीन होती. वेल्हे (आता राजगड) तालुक्यातले सव्वादोन एकर त्यांना पसंत पडले होते.

त्यांची एक्सेल शीट बघून मीही चकित झाले. सोलर, दोन गाई, सहा महिन्यांचं धान्य, दरड कोसळली तर दुसरा रस्ता कोणता, साप चावला तर विषावरचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात. ‘वस्तीपासून अंतर’ असाही एक रकाना होता, जितकं जास्त तितके गुण जास्त. आणि पाण्याला दहापैकी दहा, कारण पाऊस पुण्याच्या तिप्पट.

फसतात ते इथेच. या उतारांवर माती वीतभर, खाली दीड-दोन मीटर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाणात पाणी राहायला जागा नसते. राहतं ते मुरमात आणि भेगांत, तेही थोडं. बाकीचं ओढ्यांनी धरणात जातं आणि पानशेतहून याच जोडप्याच्या फ्लॅटमधल्या नळाला येतं. दिवाळीनंतर ओढे आटतात.

पण या जागेत विहीर होती. सहा मीटर व्यासाची, जुनी, दगडी बांधणीची. आणि मे महिन्याच्या मध्यावर तिच्यात एक मीटर दहा सेंटीमीटर पाणी! एजंट खुशीत होता. "खासगी आहे मॅडम, मालकाच्या आज्याने खोदलेली."

विहिरीत पाणी दिसतं म्हणजे ते आहेच असं नाही. साठलेलं किती आणि येणारं किती, हे वेगळं काढावं लागतं. माझ्याच क्षेत्रातली काही मंडळी मशीन लावून रंगीत ग्राफ छापून देतात, दगडाला हातही न लावता. मी उपसा चाचणी घेते. विहीर तळापर्यंत रिकामी करायची, पंप बंद करायचा आणि टेप सोडून बसायचं. किती वेळात किती सेंटीमीटर चढलं, ते लिहीत राहायचं. या मापाच्या विहिरीत एक सेंटीमीटर म्हणजे २८० लिटर. रात्रभर जागावं लागतं, म्हणून कुणी करत नाही. मला त्याचा अभिमान आहे. होता.

संध्याकाळी साडेसहाला विहीर कोरडी केली. सुमारे ३१ हजार लिटर. उपसलेलं पाणी झिरपून परत विहिरीत येऊ नये म्हणून लांब पाइप टाकून ते खालच्या लवणात, म्हणजे उताराच्या खोलगट भागात सोडलं. पंपवाला टेम्पोत झोपला, मी पडक्या घराच्या ओटीवर. पहाटे चारच्या नोंदीला १३ सेंटीमीटर भरले. झरे चांगले होते.

सव्वाचारला वरच्या अंगाने बॅटऱ्यांचे उजेड उतरायला लागले. बायका होत्या, डोक्यावर हंडे. पलीकडच्या टेपाडामागे बावीस घरांची वाडी आहे. तिची मार्चपासूनची विहीर हीच.

कुणी ओरडलं नाही. पहिलीने पोहरा सोडला, तो दगडावर वाजला. "आगं, पानी कुठं गेलं?" मग एकेक जण पायऱ्यांनी खाली उतरली आणि तांब्याने भरायला लागली. मी टेप हातात धरून वर उभी.

आणि मी काय करावं? माझी नोंद बिघडत होती. त्या जेवढं नेतील तेवढं टेपवर कमी दिसणार, म्हणून मी हंडे मोजायला लागले. वहीत चार उभ्या रेघा, एक आडवी. हंडा पंधरा लिटरचा धरला. सातपर्यंत १३२ हंडे झाले, म्हणजे सात सेंटीमीटर. टेपवर नऊ होते. बेरीज सोळा. हिशोब चोख जुळला.

एका म्हातारीने विचारलं, "बाई, काय लिवता?" मी म्हटलं, पाणी किती येतं ते बघतेय. ती म्हणाली, "मंग काल बगायचं व्हतं. काल लई व्हतं."

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात वाडीचा उल्लेख नाही. आज्याच्या काळापासून पाणी नेतात, पण कागदावर नेत नाहीत. सगळ्या तालुक्यात असंच आहे आणि तलाठ्यापासून वर प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

जोडप्याची गरज मी आधीच काढली होती. चार माणसं, दोन गाई, पाच गुंठे भाजीपाला: दिवसाला २,९०० लिटर. वाडी सकाळ-संध्याकाळ मिळून चार हजार नेते. विहीर दिवसाला सात हजार देते. म्हणजे पुरतं.

त्यांना मी फोनवर तासभर समजावलं की हा आकडा रिकाम्या विहिरीचा आहे. पाणी चढतं तसे झरे मंदावतात. एक मीटर पाण्याला ती रोज चार हजारच देते, म्हणून तर वाडीचं भागून पातळी टिकलेली असते. सात हजार हवे असतील तर ती सतत तळाशी ठेवावी लागेल. म्हणजे रोज पहाटे त्या बायकांना ती तशीच दिसेल, मी ठेवली होती तशी.

नवरा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, कंपाउंड घालताना विहीर आत घ्यायची की बाहेर ठेवायची?

मी बाहेर म्हटलं. त्यांनी अजून व्यवहार केलेला नाही, मोडलेलाही नाही. फी मात्र दुसऱ्याच दिवशी आली.

अहवालाच्या माझ्या नमुन्यात एक रकाना आहे, ‘उपसलेल्या पाण्याची विल्हेवाट’. तिथे मी नेहमीसारखं ‘लवणात सोडले’ एवढंच लिहिलंय.