८३ विरुद्ध ८३: स्टिलवॉटरचा गुणतक्ता

१९ नोव्हेंबर २०२२, ओक्लाहोमातलं स्टिलवॉटर. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या डिव्हिजन वन या वरच्या गटाची राष्ट्रीय क्रॉस कंट्री (मोकळ्या, चढउताराच्या मैदानावरची धावण्याची) स्पर्धा. आधी मुलींची ६ किलोमीटरची शर्यत, मग मुलांची १०. अधिकृत वेळ आणि निकाल पाहणारी यंत्रणा वेगळी. माझ्याकडे एका संघाच्या प्रशिक्षकांसाठी हातानं गुणतक्ता ठेवायचं काम होतं. फोनवर लाइव्ह आकडे येतात, पण ते उमटेपर्यंत धावणारे पुढच्या चढावर पोचलेले असतात. ओरडून सांगायचं ते त्याच्या आत सांगावं लागतं.

हिशेब दिसतो सोपा. संघात ७ जण, त्यातले पहिले ५ गुणांत धरायचे. जितका क्रमांक तितके गुण, कमीत कमी बेरजेचा संघ पहिला. सगळ्यात कमी बेरीज १५ होऊ शकते. गोंधळ होतो तो पुढे. मैदानात २५५ जण असतात: ३१ संघांचे २१७ आणि संघाशिवाय, वैयक्तिक पात्र ठरलेले ३८. हे ३८ जण गुणांच्या क्रमवारीतून वगळायचे. म्हणजे एखादा चाळिसावा आला आणि त्याच्या पुढे चार वैयक्तिक धावपटू असतील, तर संघाला त्याचे ३६ गुणच लागतात. नवखा मोजणारा हमखास इथे घसरतो. त्यामुळे वैयक्तिक धावपटूंच्या बिब (छातीवर लावलेल्या) क्रमांकांची यादी पॅडच्या वरच चिकटवलेली बरी. जर्सीच्या रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, चिखल आणि सावलीत तीन निळे संघ एकसारखे दिसतात.

दुसरी गोम सहाव्या-सातव्याची. त्यांचे गुण धरत नाहीत, पण त्यांचा क्रमांक धरतात. आपला सहावा प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आला, की त्यांची बेरीज एकनं वाढते. अशा वेळी ‘तुझे गुण नाहीत, पण धाव’ हे प्रशिक्षकाला सातव्याला ओरडून सांगावंच लागतं, नाहीतर तो शेवटच्या किलोमीटरला सैल पडतो.

त्या दिवशी विजेतेपदासाठी माझ्या तक्त्यावर दोनच संघ उरले: नॉर्दर्न ॲरिझोना आणि यजमान ओक्लाहोमा स्टेट. दोघांची घडण वेगळी. नॉर्दर्न ॲरिझोनाचे निको यंग आणि ड्रू बॉस्ली अगदी पुढच्या टोळीत, बाकीचे मागे. ओक्लाहोमा स्टेटचे पाच त्यामानानं जवळजवळ. असे दोन संघ भिडले की सगळा खेळ चौथ्या-पाचव्याचा. पुढच्या दोघांनी कमावलेली आघाडी मागचे दोघे किती राखतात, एवढंच पाहायचं. इथला चढउतार सरळ पायांवर येतो आणि मागचे जिथे ढेपाळतात तिथेच क्रमांक भराभर जातात.

किती भराभर, ते आकड्यांत पाहा. विजेता स्टॅनफर्डचा चार्ल्स हिक्स, वेळ २८:४३.६. म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद, सेकंदाला जवळपास ६ मीटर. पुढे माणसं विरळ असतात, तिथे सेकंदाची किंमत कमी. मधल्या घोळक्यात मात्र एका सेकंदात दोन-तीन जण रेषा ओलांडतात. म्हणून मोजताना मी वेळ पाहतच नाही, फक्त माणसं मोजतो. शिवाय एकाच अदलाबदलीचा परिणाम दोन प्रकारचा: नॉर्दर्न ॲरिझोनाच्या मुलानं तिसऱ्याच संघाच्या मुलाला मागं टाकलं तर फरक १ गुणानं हलतो. ओक्लाहोमा स्टेटच्या पाचांतल्या मुलाला मागं टाकलं तर २ गुणांनी, कारण एकाचा कमी होतो आणि दुसऱ्याचा वाढतो.

रेषेनंतर बेरीज मांडली. ८३ आणि ८३.

आधी वाटतं, मोजण्यात चूक आहे. पुन्हा वैयक्तिक नावं वगळायची, पुन्हा सहावे-सातवे तपासायचे. पण लगेच अंतिम म्हणताही येत नाही. क्रमांक छाती रेषेवर कधी आली त्यावर ठरतो, आणि धावपटूच्या अंगावरची वेळ नोंदवणारी चिप मात्र ती जिथे लावली असेल तिथली वेळ देते. दोघे खांद्याला खांदा लावून आले, तर चिपचा क्रम आणि फिनिश कॅमेऱ्याचा क्रम उलटा निघू शकतो. त्यातून एखाद्या संघाचे पाच जणही पूर्ण आले नाहीत, तर तो संघ गुणांतून बाद होतो आणि त्याच्या मागचे सगळे क्रमांक वर सरकतात. त्यामुळे शेवटचा धावपटू येईपर्यंत पहिल्या संघाचीही बेरीज पक्की नसते. फळ्यावर ‘अनधिकृत’ लिहिलेलं असतं ते काही उगीच नसतं.

आकडे तसेच राहिले, आणि टायब्रेक, म्हणजे बरोबरी सोडवायचा नियम, लागला. इथे बऱ्याच जणांची गल्लत झाली. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमात बरोबरी झाली की सहाव्या धावपटूचा क्रमांक पाहतात, आणि तिथूनच वर आलेले लोक सहाव्यांकडे धावले. कॉलेजात तसं नाही. पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी, अशा पाच जोड्या लावतात. जास्त जोड्या ज्याच्या, तो संघ पुढे. यंग दुसरा आणि बॉस्ली तिसरा, म्हणजे दोन जोड्या आधीच नॉर्दर्न ॲरिझोनाच्या खिशात. पाचांपैकी तीन जोड्या त्यांच्या झाल्या आणि विजेतेपद त्यांचं.

मला विचाराल तर हा नियम टोकाच्या संघाला झुकतं माप देतो. दोन मोठे धावपटू असले की पाचांतल्या दोन जोड्या हमखास मिळतात, मग एकच कुठूनतरी लागते. एकजिनसी संघाची मेहनत बेरजेत दिसते, जोड्यांत दिसत नाही. तरी विजेतेपद वाटून घेण्यापेक्षा हे बरं. मुलांच्या स्पर्धेच्या इतिहासात १९४२ साली इंडियाना आणि पेन स्टेट यांना संयुक्त विजेते ठरवलं होतं.

त्या मैदानावर ज्याची फार चर्चा झाली नाही ते असं: हिक्स आणि यंग यांच्यात एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. हिक्सचा स्टॅनफर्ड संघही गुणांत होता, म्हणजे त्याचा पहिला क्रमांक धरलेला. यंग जिंकला असता तर नॉर्दर्न ॲरिझोनाची बेरीज ८२ झाली असती आणि पाच जोड्या मांडायची वेळच आली नसती.

पुढच्या वर्षी व्हर्जिनियात ओक्लाहोमा स्टेटनं ४९ गुणांत स्पर्धा मारली, नॉर्दर्न ॲरिझोना ७१ वर. तोवर माझ्या तक्त्यात बेरजेच्या शेजारी पाच जोड्यांचा रकाना कायमचा आलेला होता. तो ८ किलोमीटरच्या खुणेपासूनच भरायला घ्यावा. शेवटच्या धावेत दोन्ही बेरजा भराभर पालटतात, तेव्हा कोणाची कितवी जोडी अजून अडकली आहे हे डोक्यात ठेवून होत नाही.