इंग्रजी मसुद्यात कर्ता शोधताना

पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाने लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर कधी ना कधी सही केलेलीच असते. अकरा महिन्यांचा, इंग्रजीतला आणि बहुतेक वेळा न वाचलेला. वकिलीची सनद मिळाल्यावर मी शिवाजीनगर कोर्टात एका सीनियर मॅडमकडे ज्युनियर म्हणून रुजू झाले, तेव्हा सुरुवातीलाच हातात आलं ते अशाच कराराचं काम. कोथरूडचा फ्लॅट होता. घरमालक काकांना नवा भाडेकरू ठेवायचा होता, पण जुना करार तसाच पुढे चालवायचा नव्हता, कारण त्याच्यावरून आधीच्या भाडेकरूशी चांगलंच वाजलं होतं.

वाद एका वाक्याचा होता: ‘द सेड प्रिमायसेस शॅल बी पेंटेड बिफोर पझेशन इज हँडेड ओव्हर.’ ताबा देण्यापूर्वी जागा रंगवली जाईल. पण रंगवायची कोणी? आणि ताबा कोणता, येतानाचा की जातानाचा? काका म्हणत, सोडून जाताना भाडेकरूने रंग द्यायचा. भाडेकरूचं म्हणणं, मला जागा देण्याआधी तुम्हीच द्यायला हवा होता. दोघंही त्याच वाक्यावर बोट ठेवत होते आणि वाक्य दोघांचीही बाजू घेत होतं. पुढचं कलमही तसंच: ‘द डिपॉझिट शॅल बी रिफंडेड आफ्टर ड्यू डिडक्शन्स.’ पैसे कोण परत करणार हे समजतं, पण किती दिवसांत, आणि कपात ठरवणार कोण, याबद्दल अवाक्षर नाही.

मॅडमनी पेन्सिल दिली आणि सांगितलं, जिथे ‘शॅल बी’ दिसेल तिथे खाली रेघ मार आणि समासात लिही, कोणी? सगळा करार रेघांनी भरला. काही ठिकाणी उत्तर लगेच मिळायचं. काही ठिकाणी काकांना फोन करावा लागायचा, आणि ते म्हणायचे, अरेच्चा, हे तर आमचं ठरलेलंच नाही. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ‘रंगवली जाईल’ अशा कर्मणी प्रयोगाने वाक्य पूर्ण झाल्यासारखं दिसतं, त्यामुळे पक्षकारांमध्ये काय ठरायचं राहिलंय हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. शेवटी कलम असं झालं: जागा सोडण्यापूर्वी लायसेन्सी (म्हणजे भाडेकरू) रंग देईल, जागा रिकामी झाल्यापासून सात दिवसांत लायसेन्सर (म्हणजे घरमालक) डिपॉझिट परत करेल आणि कपात केली तर तिची बिलं देईल.

ज्या कायद्याखाली हा करार होतो, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मी त्याच नजरेने पुन्हा वाचला. कलम 24 म्हणतं, मुदत संपल्यावर लायसेन्सीने ताबा द्यायचा. कलम 55 मध्ये ‘करार नोंदवलेला असावा’ एवढ्यावर कायदा थांबत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर, असं स्पष्ट म्हणतो. ज्याच्यावर बोजा, त्याचं नाव वाक्यात.

म्हणून कर्मणी प्रयोग सरसकट काढून टाकावा, असं मात्र मला अजिबात वाटत नाही. लिखाणाचे काही सल्ले तसं सांगतात, आणि ते वकिलीत चालत नाही. आपल्या संविधानातच दोन्ही आहेत. अनुच्छेद 14 मध्ये ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’, कारण तिथे राज्याला बांधायचं आहे. अनुच्छेद 21 मध्ये ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्हड’, तिथे माणूस पुढे आहे, त्याचं जीवित आणि स्वातंत्र्य पुढे आहे. ते वाक्य उलटून कर्तरी केलं तर त्याचं बळ जाईल, असं माझं ठाम मत आहे.

चेक बाउन्सच्या नोटिशीतही हेच. ‘द चेक वॉज रिटर्न्ड अनपेड’ हे वाक्य मी तसंच ठेवते. चेक परतला हीच तिथली घटना आहे, तो परत पाठवणाऱ्या बँकेशी आपलं भांडण नाही. पण त्याच प्रकरणाच्या फिर्यादीत ‘नोटीस वॉज ड्यूली सर्व्हड’, म्हणजे नोटीस रीतसर बजावली गेली, एवढंच मला चालत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 नुसार चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यापासून 15 दिवस समोरच्याला पैसे भरायला असतात. म्हणजे नोटीस कोणाला, कुठे, कोणत्या तारखेला मिळाली, यावर पुढचा सगळा हिशेब. तो ‘ड्यूली सर्व्हड’मध्ये मावत नाही.

दाव्यांचे मसुदे हाती आले तेव्हा हे जास्तच जाणवलं. ‘अ फ्रॉड वॉज प्लेड अपॉन द प्लेंटिफ’ (वादीची फसवणूक केली गेली) वाचायला भारदस्त आहे, पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6, नियम 4 फसवणुकीचा तपशील तारखांसह मागतो. कोणी, कधी, काय सांगून फसवलं, ते लिहावंच लागतं. ‘इट इज लर्न्ट दॅट’ तर त्याहून फसवं. त्याच आदेशाच्या नियम 15 प्रमाणे व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या दाव्याखालच्या कबुलीत, कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणते ऐकीव माहितीवरून, हे सही करणाऱ्याला सांगावं लागतं; मग ‘कळलं’ म्हणजे कोणाकडून, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

वडिलोपार्जित जमिनीच्या एका दाव्यात तो मी विचारला. ‘प्रतिवादीने कुंपण घातल्याचं कळलं’ असं पक्षकाराने आणलेल्या टिपणात होतं. कोणी सांगितलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, शेजारच्या गटातल्या मावशींनी, त्या तेव्हा बांधावरच होत्या. मावशींचं नाव साक्षीदारांच्या यादीत गेलं.