जुना ग्राफ बरा दिसत होता म्हणे

सर आज कॉलवर सहज म्हणाले, "अगं, तो जुना ग्राफ बरा दिसत होता." हसतच म्हणाले, पुढच्या विषयावर गेलेही. ग्राफ म्हणजे माझ्या लोड टेस्टचा, फॉर्म भरायच्या साइटवर खोटी गर्दी सोडून ती किती तग धरते ते बघायचं. मी मात्र संध्याकाळपासून तेच घोळवतेय.

बरा दिसत होता कारण खोटा होता ना! रिस्पॉन्स टाइमची रेघ सरळसोट, आणि यशस्वी रिक्वेस्ट सेकंदाला ४७० च्या वर सरकायलाच तयार नाहीत, कितीही थ्रेड (म्हणजे खोटे यूजर) वाढवा. सगळे टीममधल्या निल्याच्या बॅकएंडकडे (सर्व्हरच्या बाजूकडे) बोट दाखवत होते, एरर यायच्या त्या 'नेटवर्क'च्या खात्यात जमा. निल्याचा शनिवार-रविवार त्यात गेला, त्यावर तो काय बोलला ते इथे लिहीत नाही.

आणि हिशोब इतका सोपा की चीड येते. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला एक पोर्ट (क्रमांक) लागतो, ते मिळतात ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८ हजारांच्या थोडे वर, आणि आपण बंद केलेलं कनेक्शन टाइम-वेटमध्ये, म्हणजे पोर्ट अडवून, ६० सेकंद पडून राहतं. भागाकार करा, सेकंदाला ४७०! जेमीटर, म्हणजे आमचं लोड टेस्टचं टूल, दर इटरेशनला (फेरीला) नवा यूजर समजून कनेक्शन तोडत होता, त्यामुळे दमत होतं ते आमचंच टेस्टिंगचं मशीन, सर्व्हर निवांत. 'सेम यूजर ऑन ईच इटरेशन'वर टिक केली की सुटतं, पण खरी माणसं नवं कनेक्शन घेऊनच येणार, मग ते सोडवून काय उपयोग, म्हणून मशीनला जास्तीचे आयपी पत्ते लावले (प्रत्येकाला पोर्टचा वेगळा साठा) आणि जेमीटरच्या सोर्स अॅड्रेसच्या रकान्यात सीएसव्ही फाइलमधून फिरवले. हे सगळं कोणाला दिसतं? रिपोर्टमध्ये याचं पान नसतं. अप्रेझलमध्ये तर... जाऊ दे.

जुना ग्राफ बरा! अहो, त्यात अजून एक गोम होती. साध्या थ्रेड ग्रुपमधले यूजर पंगतीतल्या भिडस्त पाहुण्यांसारखे असतात, वाढप्याने उशीर केला तर गप्प बसून राहतात. सर्व्हर १० सेकंद अडकला तर १०० थ्रेड थांबणार आणि वाईट नोंदी फक्त १००. ४७० च्या वेगाने तेवढ्या वेळात ४७०० जण येऊन ताटकळायला हवे होते, ते आलेच नाहीत, म्हणून मोजलेही गेले नाहीत. गिल टेने यांनी याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नाव दिलंय, त्यासाठी डब्ल्यूआरके-२ नावाचं वेगळं टूलच लिहिलं त्यांनी. आमचं सगळं जेमीटरमध्ये अडकलेलं, म्हणून मी ५.५ पासून आलेला ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप घेतला, तो सर्व्हरची वाट बघत बसत नाही, ठरल्या वेगाने माणसं आत ढकलत राहतो.

आणि मग ९९ पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्याच्या आत उरकतात तो वेळ) ४०० मिलिसेकंदांवरून थेट ६ सेकंदांवर. रेघ कसली, सह्याद्रीच!

डेटाबेसचा कनेक्शन पूल (एका वेळी किती कनेक्शन वापरायची तो साठा) हिकारी या लायब्ररीच्या डिफॉल्टवर, १० वर, तसाच राहिला होता. म्हणजे शेवटी गडबड निल्याकडेच निघाली, फक्त आधी ज्यासाठी त्याला झापलं ती नव्हे. तो माझ्याशी आज चहाला आला नाही. बरोबरच आहे त्याचं.

आता रागही ओसरलाय खरं तर. सरांच्या जागी मी असते तर मलाही सरळ रेघच आवडली असती, क्लायंटला तीच दाखवायची असते, सह्याद्री कोण विकत घेतं? फॉर्म भरायची तारीख आली की पोरं एकदम तुटून पडणार, तेव्हा बघू कोणाला कुठला ग्राफ आठवतो ते. (तेव्हाही मलाच फोन येणार.)

सरांनी दोन्ही रिपोर्ट मागितलेत, पाठवते. जुन्यावर ४७० पाशी लाल रेघ मारून 'टेस्ट मशीनची मर्यादा' असं लिहिलंय, ठळक अक्षरात. आधी फॉन्ट १४ ठेवला होता, आता १८ केलाय.